असेल बाबा, तुझं बरोबर

एका लेखाच्या मसुद्यावर मी आणि माझी सहलेखिका भांडत होतो. ती दुसऱ्या देशातली, इंग्रजी तिची मातृभाषा. एक परिच्छेद आधी यावा की नंतर, एवढाच वाद, पण ईमेलवर तो चांगलाच रंगला. मी कारणं दिली, तिनं उलट कारणं दिली, मी पुन्हा दिली, आणि शेवटी तिकडून एका ओळीचं उत्तर आलं: ‘आय सपोज यू आर राइट.’ म्हणजे मी जिंकले होते. परिच्छेद मला हवा तिथे गेला, तिनं पुढे जराही खळखळ केली नाही, काम वेळेत झालं. तरी ते वाक्य कितीतरी दिवस डोक्यात कुरकुरत राहिलं. नुसतं ‘यू आर राइट’ आलं असतं तर मी खूश झाले असते. ‘आय थिंक यू आर राइट’ आलं असतं तर कदाचित जास्तच, कारण मग ती स्वतः विचार करून माझ्या बाजूला आली असती. ‘आय बिलीव्ह’ असतं तर जरा वकिली वाटलं असतं, पण चाललं असतं. या ‘सपोज’मध्ये मात्र हो म्हणता म्हणता एक पाऊल मागे घेतलेलं होतं, आणि ते मला स्पष्ट दिसत होतं.

शब्दकोश उघडावा तर ‘सपोज’ म्हणजे समजणे, मानणे, कल्पना करणे. ‘तू बरोबर आहेस असे मी समजते.’ हे काही तिनं म्हटलेलं नव्हतं. तिनं म्हटलेलं मराठीत आणायचं तर क्रियापद ओढून वाक्याच्या तोंडाशी आणावं लागतं आणि त्याचा काळही बदलावा लागतो: ‘असेल बाबा, तुझं बरोबर.’ रूप भविष्यकाळाचं, पण त्यात पुढे घडणारं काहीच नाही. ‘बाबा’ म्हटलंय पण समोर कुणीही असू शकतं. वाद मिटवायचाय, मत मात्र आहे तिथेच ठेवायचंय, अशा वेळी हे वाक्य तोंडातून आपोआप निघतं. चिडलेला माणूसही ते शांतपणे म्हणतो, म्हणून तर ते जास्त लागतं.

आम्ही इंग्रजी शिकलो ते धड्याच्या शेवटच्या शब्दार्थांवरून. थिंक म्हणजे विचार करणे. बिलीव्ह म्हणजे विश्वास ठेवणे. गेस म्हणजे अंदाज करणे. प्रत्येक इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द, बरोबरीचे चिन्ह घालून. मग वाचनात कधी ‘आय बिलीव्ह द ट्रेन इज लेट’ असं वाक्य आलं की गाडीवर विश्वास कसला ठेवायचा, तेही ती उशिरा येते म्हणून, हे कळेना. समानार्थी शब्दांचा प्रश्न परीक्षेत दोन गुणांना असायचा आणि त्यात थिंक, बिलीव्ह, सपोज एका ओळीत बसवले की पूर्ण गुण मिळायचे. गुण मिळाले. ही तिन्ही क्रियापदं एकमेकांच्या जागी बसत नाहीत हे पुढे माणसांकडून कळलं, आणि तेही त्यांच्या शब्दांपेक्षा बोलण्याच्या सुरातून.

थिंकची गोष्ट मला सगळ्यांत आवडते, कारण तिच्यात अवचित आपलं मराठी भेटतं. जुन्या इंग्रजीत एकमेकांसारखी ऐकू येणारी दोन क्रियापदं होती. एकाचा अर्थ विचार करणे, दुसऱ्याचा अर्थ भासणे, वाटणे. पहिल्यात ‘मी’ कर्ता. दुसऱ्यात ‘मला’. पुढच्या काही शतकांत दोन्हींचे उच्चार एकमेकांत मिसळले आणि ‘मला’वालं क्रियापद ‘मी’वाल्यात विरून गेलं. त्याचा एक अवशेष राहिला, ‘मीथिंक्स’. जुन्या नाटकांत भेटणारा हा शब्द आपण ‘मी विचार करतो’ याचंच काहीतरी विचित्र रूप म्हणून सोडून देतो, पण तो शब्दशः ‘मला वाटतं’ आहे, चतुर्थीसकट. म्हणजे इंग्रजी माणसालाही एके काळी मत ‘वाटायचं’. नंतर तो ते ‘करायला’ लागला. आपण अजून वाटण्यावरच आहोत. मत मांडताना आपल्या वाक्यात ‘मी’ नसतोच, ‘मला’ असतं. मत कुठून तरी येतं आणि आपल्याला वाटतं, जशी थंडी वाटते, भीती वाटते. ‘माझ्या मते’ म्हणता येतं, पण ते सभेत. घरात ‘माझ्या मते आज भाजी खारट आहे’ असं कुणी म्हणालं तर बाकीचे चमकून बघतील.

शिवाय आपलं ‘वाटतं’ मला न घेताही फिरतं. ‘पाऊस पडून गेला वाटतं.’ इथे कुणाला वाटतं ते सांगायचं कारणच नाही. रस्ता ओला दिसतोय, त्यावरून काढलेला निष्कर्ष आहे. ‘मला वाटतं पाऊस पडून गेला’ म्हटलं की तेच वाक्य जरा जड होतं, त्यावर कुणी ‘छे, कुठे’ म्हणू शकतं. वाक्याच्या शेपटीला लागलेल्या ‘वाटतं’शी मात्र कुणी वाद घालत नाही. ऐकीव गोष्टीला आपण ‘म्हणे’ लावतो आणि नामानिराळे होतो. ‘तो घरी असेल’ आणि ‘तो घरी असावा’ यांतला फरक तर कुणी शिकवलेलाही आठवत नाही, तरी चुकत नाही. इंग्रजीला जे वेगवेगळ्या क्रियापदांनी करावं लागतं त्यातलं पुष्कळसं आपण प्रत्ययांवर भागवतो. म्हणूनच ती क्रियापदं आपल्याला एकसारखी दिसतात की काय कोण जाणे.

या शेपटीच्या ‘वाटतं’सारखं इंग्रजीतही काही आहे, हे जे. ओ. अर्मसन या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९५२ मध्ये एका निबंधात दाखवलं होतं. बिलीव्ह, सपोज, गेस, सस्पेक्ट ही क्रियापदं वाक्याच्या सुरुवातीला येतात, मध्ये येतात, शेवटीही येतात: तो घरी आहे, आय बिलीव्ह. त्याचं म्हणणं असं, की अशा वेळी बोलणारा स्वतःच्या मनात काय चाललंय याचा अहवाल देत नसतो. तो ऐकणाऱ्याला सांगत असतो की माझ्या या विधानावर किती भार टाकायचा. मला हे वाचून फार मोकळं वाटलं. तोवर मी ‘बिलीव्ह’मध्ये जास्त खात्री की ‘थिंक’मध्ये, अशी उतरंड लावत बसायचे आणि ती कधीच नीट लागायची नाही. बिलीव्हच घ्या. ‘आय बिलीव्ह इन यू’ म्हणताना त्यात जीव ओतलेला असतो आणि ‘मीटिंग चारला आहे, आय बिलीव्ह’ म्हणताना तेच क्रियापद हात झटकून मोकळं होतं: मला कुणीतरी सांगितलंय, चुकलं तर माझ्याकडे येऊ नका.

‘गेस’ला लोक अमेरिकी आळस म्हणतात. ब्रिटिश इंग्रजीचा अभिमान असलेल्या माणसांना ‘आय गेस’ ऐकलं की कपाळाला आठ्या पडतात. पण चॉसर या इंग्रज कवीनं चौदाव्या शतकाच्या अखेरीला एका तरुण सरदारपुत्राचं वर्णन करताना त्याचं वय वीस सांगितलं आणि लगेच ‘आय गेस’ जोडून दिलं. (आपण ‘वीसेक’ म्हणतो. एका ‘एक’मध्ये काम झालं.) म्हणजे हे वळण आधी इंग्लंडात होतं, अमेरिकेनं ते नुसतं जपलं. ‘रेकन’चा प्रवास आणखी मजेदार आहे. मुळात तो हिशोबाचा शब्द, मोजणे, गणना करणे. जर्मनमध्ये त्याचं भावंड अजून गणितच करतं. इंग्रजीत मात्र त्यातले आकडे गळून गेले आणि उरला तो अंगणात बसून, आभाळाकडे बघून केलेला आडाखा. आडाखा म्हणजे तरी काय, हिशोबच की, फक्त कागदावर न मांडलेला.

इथवर सगळं गमतीचं आहे. पण याच क्रियापदांची अदलाबदल झाली तर काय होऊ शकतं, त्याचं एक उदाहरण मी विसरू शकत नाही. २८ जानेवारी २००३ ला अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी संसदेपुढच्या वार्षिक भाषणात सांगितलं की सद्दाम हुसेननं अलीकडेच आफ्रिकेतून मोठ्या प्रमाणात युरेनियम मिळवायचा प्रयत्न केला, असं ब्रिटिश सरकारला कळलं आहे. इंग्रजीत ते सोळा शब्दांचं वाक्य आहे आणि त्यातलं क्रियापद आहे ‘लर्न’. ‘ब्रिटिश सरकारला वाटतं’ असं म्हटलं असतं तर ऐकणारा विचारू शकला असता, कशावरून? ‘कळलं आहे’ म्हटल्यावर तो प्रश्नच उरत नाही. जे कळतं ते खरं असतं, आपल्या भाषेतही. खोटी गोष्ट कुणाला ‘कळत’ नाही, फार तर ‘वाटते’. पॉल आणि कॅरोल किपार्स्की या भाषाशास्त्रज्ञ दांपत्यानं १९७० मध्ये अशा क्रियापदांचा वेगळा गट दाखवला होता. ती नकारात घातली तरी आतली गोष्ट खरीच राहते. ‘ती गेली हे त्याला कळलं नाही’ म्हटलं तरी ती गेलेलीच असते. बुश यांच्या वाक्यात पुरावा ब्रिटिशांच्या नावावर होता आणि खात्री मात्र क्रियापदानं पुरवलेली होती. मार्चमध्ये इराक युद्ध सुरू झालं. जुलैमध्ये व्हाइट हाउसनं कबूल केलं की ते वाक्य भाषणात असायला नको होतं. युद्ध काही त्या एका वाक्यानं झालं नाही, हे मलाही कळतं. तरी ते क्रियापद निवडणारा कुणीतरी माणूस असेल, त्यानं आधीचे मसुदे खोडले असतील, ‘बिलीव्ह’ लिहून पाहिलं असेल, याचा विचार मनातून जात नाही.

गुप्तवार्ता खात्यांना हा त्रास जुनाच आहे. १९५१ मध्ये सोव्हिएत गोटातले देश युगोस्लाव्हियावर हल्ला करण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे, असा अहवाल अमेरिकी गुप्तवार्ता विभागानं दिला. तो तयार करणाऱ्यांपैकी शर्मन केंट यांना कुणीतरी सहज विचारलं, गंभीर म्हणजे किती? ते म्हणाले, साधारण पासष्ट टक्के. विचारणारा चकित झाला, त्यानं बरंच कमी धरलं होतं. मग केंट यांनी आपल्याच सहकाऱ्यांना विचारून पाहिलं, तर कुणाच्या मनात २० टक्के होते, कुणाच्या मनात ८०. त्या एका शब्दावर सगळ्यांनी एकमतानं सह्या केल्या होत्या. पुढे १९६४ मध्ये त्यांनी अशा शब्दांना आकडे जोडून द्यावेत असा निबंध लिहिला. तज्ज्ञांनी आकडे लावून बोलावं हे मला पटतं. पण माणसांमाणसांत? ‘मी तुझ्याशी ७० टक्के सहमत आहे’ असं मला कुणी लिहिलं तर त्यापेक्षा ‘सपोज’ परवडलं.

फील या क्रियापदाबद्दल माझं मत अजून डळमळतं. २०१६ मध्ये मॉली वर्थेन या अमेरिकी इतिहासकार बाईंनी वृत्तपत्रात लिहिलं होतं की तरुण मुलं ‘आय थिंक’ऐवजी ‘आय फील लाइक’ म्हणतात आणि त्यामुळे वाद घालणंच बंद होतं. विचार खोडता येतो, भावना कशी खोडणार? मला हे वाचताना मान डोलवावीशी वाटली. मत मांडायचं आणि त्याला हात लावायची सोय ठेवायची नाही, हे मी अनेकदा अनुभवलंय. पण मग लक्षात आलं की मराठी माणूस ‘आय फील’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात साधं ‘मला वाटतं’ असतं. आपल्या ‘वाटणं’मध्ये भावना आणि विचार एकाच खोलीत राहतात. वाईट वाटतं, आणि हे चूक आहे असंही वाटतं. तेव्हा त्या अमेरिकी बाईंची तक्रार आपल्याला लागू करायची तर आपली अख्खी भाषाच दोषी ठरेल, आणि तसं काही मला वाटत नाही. (बघा: ‘दोषी नाही असं वाटतं’ म्हणायचं होतं, नकार मात्र ‘वाटण्या’ला लागला. थिंकबरोबर इंग्रजीतही हेच होतं. त्या बाबतीत आपण सख्खे.)

शंकेचं मात्र उलटं आहे. इंग्रजीत ‘डाउट’ म्हणजे हे नसावं आणि ‘सस्पेक्ट’ म्हणजे हे असावं. दोन विरुद्ध दिशा. आपल्याकडे दोन्हीकडे शंकाच: ‘तो येईल याची मला शंका आहे’ म्हणजे येणार नाही, आणि ‘त्यानंच केलं अशी मला शंका आहे’ म्हणजे त्यानंच केलं. सगळा फरक ‘याची’ आणि ‘अशी’ यांत लपलेला. त्यामुळे आपण इंग्रजीत ‘आय डाउट ही डिड इट’ असं बिनधास्त म्हणतो आणि ज्याच्यावर आरोप करायचा त्यालाच निर्दोष सोडतो. यावर हसणाऱ्यांनी स्कॉटलंडमध्ये जाऊन ऐकावं. तिथे ‘आय डाउट इट विल रेन’ म्हणजे पाऊस येणार बहुतेक, छत्री घ्या.

बिलीव्हकडे परत येते, कारण त्याच्या एका रूपानं मला बराच काळ पकडून ठेवलंय. ख्रिस्ती लोकांचा जो जुना श्रद्धामंत्र आहे, तो निकियाच्या धर्मसभेनं ३२५ मध्ये ग्रीकमध्ये मांडला तेव्हा त्याची सुरुवात ‘आम्ही मानतो’ अशी होती. लॅटिन उपासनेत तो ‘क्रेडो’, म्हणजे ‘मी मानतो’ झाला. कॅथलिकांच्या इंग्रजी प्रार्थनेत विसाव्या शतकात पुन्हा ‘वी बिलीव्ह’ आलं आणि २०११ च्या नव्या भाषांतरात परत ‘आय बिलीव्ह’. मला त्या धर्मशास्त्रात पडायचं नाही. पण शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या वतीनं मला ‘मानता’ येतं का, हा प्रश्न क्रियापदाच्या वचनावर येऊन ठेपतो हे मला विलक्षण वाटतं. अमेरिकेच्या १७७६ च्या जाहीरनाम्यात ‘वी होल्ड’ आहे, आम्ही ही सत्ये स्वयंसिद्ध मानतो. स्वयंसिद्ध असतील तर मानायची काय गरज, असा खोडसाळ प्रश्न पडतोच. पण ‘होल्ड’ हा नुसत्या मताचा शब्द नाही, त्यात धरून ठेवणं आहे, कुणी हिसकावून घेईल ही जाणीव आहे. त्यांच्या न्यायालयांतही निकालाचा जो भाग पुढे बंधनकारक ठरतो तिथे न्यायाधीश ‘वी होल्ड’ लिहितात. बाकी पानंच्या पानं ते काय काय म्हणतात, त्याला ते वजन नसतं.

अस्यूम आणि प्रिझ्यूम ही जोडी मी मुद्दाम मागे ठेवली होती. प्रिझ्यूम करणाऱ्याकडे काहीतरी आधार असतो, पुरावा यायच्या आधीच तो मत उचलतो. १८७१ मध्ये टांगानिका सरोवराच्या काठी, उजिजीला, लिव्हिंग्स्टनला शोधत गेलेल्या पत्रकार स्टॅन्लीनं म्हटलेलं ‘डॉक्टर लिव्हिंग्स्टन, आय प्रिझ्यूम?’ जगभर प्रसिद्ध झालं ते यामुळेच. आसपास दुसरा गोरा माणूसच नसताना हा गृहस्थ ओळखीची औपचारिकता पाळतोय. (तो खरंच तसं म्हणाला का यावर वाद आहे, त्या भेटीची त्याच्या रोजनिशीतली पानं फाडलेली आहेत.) कायदाही आरोपीला निर्दोष ‘प्रिझ्यूम’ करतो, उलट सिद्ध होईपर्यंत. अस्यूमला असा आधार लागत नाही. गणितात तर आपण जे खोटं पाडायचंय तेच आधी अस्यूम करतो. दोनचं वर्गमूळ परिमेय आहे असं धरायचं आणि त्या धरण्याचाच फज्जा उडवायचा.

गणिताच्या मराठी पुस्तकात त्या ठिकाणी शब्द असतो ‘समजा’.

समजा, क्ष ही एक संख्या आहे. इंग्रजी पुस्तकात तिथे कधी ‘लेट’, कधी ‘अस्यूम’, आणि पुष्कळदा ‘सपोज’. लॅटिनमध्ये सपोजच्या मुळाशी ‘खाली ठेवणे’ आहे. पुढचं रचता यावं म्हणून काहीतरी खाली ठेवायचं, ते खरं आहे की नाही हा प्रश्न तूर्त बाजूला. हे लक्षात आलं तेव्हा माझ्या त्या सहलेखिकेचं वाक्य मला वेगळंच ऐकू आलं. तुझं बरोबर आहे असं समजू, आणि पुढे जाऊ. तिला पटलेलं नव्हतं. पटल्याचं ती खोटं सांगत नव्हती आणि न पटल्याचं कारण करून काम अडवतही नव्हती. ‘यू आर राइट’ लिहिणं तिला काहीच जड नव्हतं, दोन शब्द कमीच लिहावे लागले असते. मी त्या वाक्यात रुसवा वाचला होता. तो होताही, मी अजून पैजेवर सांगेन. पण रुसव्यासोबत एक सरळपणा होता जो मला त्या वेळी दिसला नाही, कारण मला नुसतं ऐकून घेतलं जायला नको होतं, तिला ते पटायला हवं होतं. माझं म्हणणं मान्य व्हावं एवढ्यावर माझं भागत नाही, ते दुसऱ्याला आतून पटावं असा हट्ट असतो, आणि तो हट्ट चांगला की वाईट हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पटवून घेण्याची भूक नसती तर मी लिहिलंच नसतं. आणि ती जरा कमी असती तर माझ्या घरातले वाद लवकर संपले असते.

या सगळ्या क्रियापदांत एक क्रियापद इंग्रजीत नाही. विट्गेन्श्टाइन या तत्त्वज्ञानं म्हटलंय की ‘चुकीचं मानणे’ अशा अर्थाचं क्रियापद असतं, तर त्याचं प्रथमपुरुषी वर्तमानकाळी रूप निरर्थक ठरलं असतं. बरोबरच आहे. माझं हे मत चुकीचं आहे असं मला कळलं की ते माझं मत उरतच नाही. दुसऱ्याचा गैरसमज असू शकतो, माझा कालपर्यंत होता असं मी म्हणू शकते, पण आत्ता, या क्षणी, माझा गैरसमज आहे असं मी कसं म्हणणार? इंग्रजीत नाही म्हणता येत. मराठीत मात्र आपण त्याला एक ‘गोड’ जोडतो आणि बिनदिक्कत म्हणतो, वर्तमानकाळात, प्रथमपुरुषात, हसत हसत. उदाहरणार्थ, एवढे लांबलचक लेख लोक शेवटपर्यंत वाचतात असा माझा गोड गैरसमज आहे.